पडद्यावर २० टक्के, आत अडीच

छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटरवर, वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वतीच्या द्यूताचा प्रसंग एकापेक्षा अधिक ठिकाणी कोरलेला आहे. १४, २१ आणि २९ या क्रमांकांच्या लेण्यांत तो निवांत पाहता येतो. या शिल्पांकडे आपण बहुधा संसारातल्या लटक्या भांडणाचं लोभस चित्र म्हणून पाहतो. खेळाच्या अंगाने पाहिलं तर त्यांतली दुसरी गोष्ट नजरेत भरते: डाव उघड्यावर चालला आहे. दान काय पडलं हे दोघांनाही दिसतं आणि भोवती जमलेल्यांनाही, म्हणून तर त्यावरून रुसता येतं, भांडता येतं. फाशाबद्दलच्या ज्ञानाची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात येते. राजा ऋतुपर्ण अयोध्येहून विदर्भाकडे निघालेला असतो आणि बाहुक या नावाने वावरणारा नळ त्याचा सारथी असतो. वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती, हे ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो. नळ मोजून पाहतो आणि हिशेब जुळतो. बेहड्याची फळं हीच त्या काळची द्यूताची साधनं. नळ अश्वविद्या देतो आणि बदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, मिळवतो. त्यानंतरच तो, ज्याच्याकडे द्यूतात राज्य हरला होता त्या पुष्कराकडून, ते परत जिंकतो. संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५ साली पुस्तक लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनाही ही कथा महत्त्वाची वाटली होती. हरताना आणि जिंकताना खेळणारा नळ तोच होता. मधल्या काळात बदललं ते फाशाबद्दलचं त्याचं ज्ञान.

आजचा फासा संगणकाच्या पोटात पडतो. ज्यांना अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात ते खेळ, म्हणजे २००० साली आलेला ‘डायब्लो २’, २०१२चा ‘डायब्लो ३’, न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’, मोबाइलवरही चालणारा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’, हे सगळे शक्यतांच्या हिशेबावर उभे असतात. तलवारीच्या वर्णनात लिहिलेलं असतं की फटका बसला की वीज कोसळण्याची शक्यता २० टक्के. अंगठीवर लिहिलेलं असतं की क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मार करणारा फटका, बसला की कूलडाऊन, म्हणजे पुन्हा वापरण्याआधीचा थांबा, कमी होण्याची अमुक इतकी शक्यता. एका घटनेतून दुसरी अशी आपोआप सुटली की खेळाडू म्हणतात प्रॉक झाला, आणि अशा प्रॉकच्या साखळ्या जुळवत पात्र घडवणं म्हणजे बिल्ड बनवणं. राक्षसांची कत्तल हे या खेळांचं दर्शनी रूप आहे. खरा कस लागतो तो कोणती वस्तू कोणत्या कौशल्याशी जोडली तर काय घडेल, या अंदाजात. आता वर्णनातली शक्यता आणि प्रत्यक्ष वापरली जाणारी शक्यता यांच्यामध्ये न सांगितलेले नियम उभे असतील, तर या अंदाजाला काय अर्थ उरतो, हा इथे तपासायचा प्रश्न आहे. माझं मत आधीच मांडतो. असे नियम बहुतेकदा चांगल्या हेतूने केलेले असतात, त्यांची गरजही असते. ते लपवण्याची गरज मात्र जवळपास कधीच नसते. लपवण्याने होणारं नुकसान किरकोळ नाही, कारण विचार करून निवड करणं हा या खेळांचा जो गाभा, त्यालाच ते धक्का देतं.

‘डायब्लो ३’चं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. त्यात प्रत्येक कौशल्याला एक गुणक जोडलेला होता. खेळाडूंमध्ये तो प्रॉक कोइफिशंट या नावाने ओळखला जातो. वस्तूवर लिहिलेल्या शक्यतेला आधी या गुणकाने गुणायचं आणि मग फासा टाकायचा, असा आतला नियम होता. कौशल्याच्या टूलटिपमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या वर्णनात, त्याचा पत्ता नव्हता. विझर्ड या पात्राच्या एनर्जी ट्विस्टर या वावटळीचा गुणक सुरुवातीच्या काळात ०.१२५ होता, म्हणजे एक अष्टमांश. वस्तू २० टक्के म्हणत असेल तर या वावटळीच्या प्रत्येक फटक्याला प्रत्यक्ष शक्यता उरायची अडीच टक्के. प्रत्येक फटक्यामागे ८०० लाइफ परत मिळेल असं लिहिलं असेल तर मिळायची १००. गुणक का ठेवला होता हे समजायला अवघड नाही. सेकंदाला एकच फटका मारणारं कौशल्य २० टक्क्यांच्या वस्तूसोबत पाच सेकंदांत सरासरी एकदा वीज पाडेल. सेकंदाला दहा बारीक फटके मारणारं कौशल्य तेवढ्याच वेळात दहा वेळा पाडेल. मग पहिल्या कौशल्याला कोणी हातच लावणार नाही. दुसऱ्याला एक दशांशाचा गुणक दिला की दोन्ही सारख्या पातळीवर येतात. म्हणजे गुणक हा न्यायासाठीच होता. अडचण एवढीच की खेळाडूला दोन्हीकडे तेच २० टक्के दिसत होते. ही फसगत किती मोठी होती ते एका हिशेबावरून कळेल. शक्यता खरोखरच २० टक्के असेल तर सलग २० फटक्यांत एकदाही वीज न पडण्याचा योग साधारण एक टक्का, म्हणजे विरळा. ती अडीच टक्के असेल तर तोच योग ६० टक्के. आपलं नशीब फुटकं आहे असं समजून खेळत राहणारा खेळाडू खरं तर अगदी नेहमीचं, अपेक्षित फळ भोगत असतो.

हा प्रकार ‘डायब्लो ३’ने सुरू केलेला नाही. ‘डायब्लो २’मधल्या पात्राच्या माहितीपत्रकाला खेळाडूंनी खोटं बोलणारा स्क्रीन असं नावच देऊन टाकलं होतं, कारण तिथे दिसणारे काही आकडे प्रत्यक्ष हिशेबात तसे धरले जात नसत. डेडली स्ट्राइक आणि क्रिटिकल स्ट्राइक या दोन्हींनी दुप्पट मार बसतो, पण त्यांच्या शक्यतांची बेरीज होत नाही. दोन्ही स्वतंत्र तपासल्या जातात, त्यामुळे ५० आणि ५० मिळून १०० न होता ७५ होतात. ढालीने वार अडवण्याची शक्यता पात्र धावत असताना एक तृतीयांशावर येते. हल्ल्याचा वेग टक्क्यांत लिहिलेला असतो, मात्र खेळ सेकंदाच्या २५ चौकटींत चालत असल्याने तो वेग पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. दोन पायऱ्यांच्या मधली वाढ वाया जाते. या एकेका नियमामागे तांत्रिक कारण आहे, आणि २००० सालच्या संगणकांची कुवत पाहता ते समजूनही घेता येतं. पण वेग १५ टक्क्यांनी वाढवणारा मणी बसवला आणि वेग तसूभरही वाढला नाही, तर त्या वस्तूवरचा आकडा कशाचं वर्णन करत होता?

छुपा गुणक निदान सरळ तरी असतो. छुपी घड्याळं अधिक चकवतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये कित्येक वस्तूंची शक्यता फटक्यामागे न मोजता मिनिटामागे किती प्रॉक या मापाने ठरायची, त्यामुळे संथ शस्त्राच्या एका फटक्याला जास्त शक्यता आणि चपळ शस्त्राच्या फटक्याला कमी. कित्येक प्रॉकना आतलं कूलडाऊन असायचं: एकदा परिणाम झाला की ठरावीक सेकंद तो पुन्हा होणारच नाही, तुम्ही कितीही फटके मारा. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये हे घड्याळ फारच अनपेक्षित वागतं. त्यात क्रिटिकल बसला की जोडलेला मंत्र आपोआप सुटावा (ट्रिगर व्हावा) अशी एक प्रसिद्ध रचना आहे. एका काळात तिचं कूलडाऊन ०.१५ सेकंद होतं. सर्व्हर मात्र वेळ ३३ मिलिसेकंदांच्या टप्प्यांत मोजतो, त्यामुळे ०.१५ हे वर सरकून पाच टप्पे, म्हणजे ०.१६५ सेकंद व्हायचं. सेकंदाला सहा वेळा हल्ला करणाऱ्याचा प्रत्येक क्रिटिकल मंत्र सोडू शकायचा. याच खेळाडूने आणखी चांगलं शस्त्र मिळवून वेग किंचित वाढवला की पुढचा फटका कूलडाऊन संपण्याच्या आत येऊन पडे आणि फुकट जाई. मंत्र एका आड एक फटक्याला सुटायला लागे. वेग वाढला आणि ट्रिगर निम्म्यावर आले. ट्रिगरची शक्यता कागदावर जशीच्या तशी होती, बदललं होतं ते घड्याळाशी तिचं नातं. हे ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही विचारपूर्वक बिल्ड बनवली तरी ती चुकणारच, कारण चांगलं शस्त्र घेणं हीच इथे चूक ठरते.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्येही असंच घड्याळ आहे. पाणी, अग्नी, वीज, हिम अशा तत्त्वांच्या संयोगातून होणाऱ्या प्रतिक्रिया हा त्या खेळाचा प्राण. पण प्रत्येक फटका शत्रूला ते तत्त्व लावतोच असं नाही. बऱ्याच कौशल्यांना अडीच सेकंद किंवा तीन फटके असा आतला नियम लागू असतो. तो खेळाच्या वर्णनात सापडत नाही. खेळाडूंनी चित्रफिती एकेक चौकट पुढे सरकवत तो शोधून काढला. मोजमापाची ही मेहनत खरोखर कौतुकास्पद आहे. पण ती किती अवघड असते हेही पाहायला हवं. एखादी शक्यता २० टक्के आहे की १८, हे जरा खात्रीने सांगायचं तर दीडेक हजार फटके मोजावे लागतात, आणि तेही मध्ये दुसरी कोणतीही गोष्ट न बदलता. घरी एकट्याने खेळणाऱ्या मुलाकडून ही अपेक्षा करणं म्हणजे त्याने आधी प्रयोगशाळा थाटावी आणि नंतर खेळावं, असं म्हणण्यासारखं आहे.

निर्मात्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मानवी स्वभावाचा आहे. माणसाला खरा यदृच्छपणा खरा वाटत नाही. ‘सिव्हिलायझेशन’कार सिड मायर यांनी २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हा अनुभव सविस्तर सांगितला होता: तीनास एक असं पारडं जड असताना चारांतून एकदा हार होणारच, पण खेळाडूंना ती हार अन्याय वाटायची. म्हणून कित्येक खेळ फासा मुद्दाम वळवतात. जपानच्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत २००२पासून कित्येक खेळांमध्ये नेम लागण्यासाठी एकाऐवजी दोन यदृच्छ संख्या काढून त्यांची सरासरी घेतली गेली. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसत असताना खरी शक्यता ९८.१ असते, आणि १० टक्के दिसत असताना जेमतेम २. ‘डोटा २’ने ‘वॉरक्राफ्ट ३’कडून घेतलेली पद्धत निराळी आहे. २५ टक्क्यांचा परिणाम पहिल्या फटक्याला साधारण साडेआठ टक्क्यांपासून सुरू होतो, फुकट गेलेल्या प्रत्येक फटक्यागणिक तेवढाच वाढत जातो आणि परिणाम झाला की पुन्हा मूळपदावर येतो. दीर्घकाळची सरासरी २५च राहते, फक्त लांबलचक दुष्काळ आणि लागोपाठचे वर्षाव टळतात. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये वार चुकवण्याचा हिशेबही असाच आहे: प्रत्येक हल्ल्याची शक्यता एका साठ्यात जमा होत जाते, शंभर भरले की वार लागतो आणि साठ्यातून शंभर वजा होतात. या फाशाला स्मरणशक्ती आहे.

अशा दुरुस्त्यांना माझा आक्षेप नाही, उलट मला त्या आवडतात. सलग पंधरा फटके फुकट जाण्यात कोणतंही कौशल्य नाही आणि मौजही नाही. पण या उदाहरणांमधला फरक नीट पाहायला हवा. ‘डोटा २’मध्ये दाखवलेला आकडा सरासरी म्हणून खरा राहतो, वळण दिलेलं आहे ते फक्त क्रमाला. शिवाय ही पद्धत आता सर्वांना माहीत आहे आणि तिचा वापर करून घेणं, म्हणजे आधीचे फटके फुकट गेल्यावर नेमक्या वेळी शत्रूवर तुटून पडणं, हेही तिथे कसब मानलं जातं. ‘फायर एम्ब्लेम’मध्ये मात्र आकडाच खरा नाही. तो खेळाडूच्या भावनेला गोंजारतो, आणि ९० व ९५ यांत निवड करणाऱ्याला चुकीचं वजन देतो. म्हणजे फासा वळवणं आणि आकडा खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मानवी स्वभावाचा मुद्दा फक्त पहिलीचं समर्थन करतो. दुसरीचं समर्थन त्यातून निघत नाही. फासा कसा वळवला आहे ते सांगितलं तरी त्याचा दिलासा कमी होत नाही, हे ‘डोटा २’वाल्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे.

दुसरा आक्षेप गूढतेचा. सगळं सांगून टाकलं तर शोधण्याची गंमत जाईल, असं म्हणतात. या म्हणण्याला मी हलकं लेखत नाही, कारण अनोळखी गुहेत शिरण्याची ओढ हीच या खेळांची पहिली मोहिनी. पण गुहेत काय आहे हे न सांगणं आणि हातातल्या तलवारीचं वजन चुकीचं सांगणं यांची गल्लत होता कामा नये. बुद्धिबळाचे सगळे नियम पाचवीतल्या मुलाला ठाऊक असतात, म्हणून बुद्धिबळातलं शोधायचं संपलेलं नाही. नियम उघडे असले की शोध नियमांच्या संयोगांचा होतो, आणि तो कधीच आटत नाही. नियम झाकलेले असले की शोध नियमांचाच होतो. तो एकदा कोणीतरी लावला की इतरांसाठी संपतो. ‘डायब्लो ४’ने २०२३च्या जूनमध्ये याचा पुरावाच समोर ठेवला. जुना लपलेला गुणक त्यात लकी हिट या नावाने कौशल्याच्या टूलटिपमध्येच छापलेला आहे, आणि वस्तूवरही शक्यता अमुक टक्क्यांपर्यंत अशी लिहिलेली आहे, म्हणजे तिला कौशल्याच्या आकड्याने गुणायचं आहे हे कळतं. गणित तेच आहे. तरी त्या खेळात कोणती बिल्ड चांगली यावरचे वाद काही थांबले नाहीत. वाद आता मोजमापाचा नसून निवडीचा आहे, आणि असा वादच खेळाला पोसतो. ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ने तर २०२४च्या डिसेंबरपासून अशा काही ट्रिगरमधून शक्यताच काढून टाकली: क्रिटिकलमागे ऊर्जा साठते, साठा भरला की मंत्र सुटतो, आणि तो किती भरला आहे हे खेळाडूला दिसतं.

एवढे आकडे पाहून सामान्य खेळाडू गांगरेल, ही शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर याच खेळांनी दिलेलं आहे. ‘डायब्लो ४’मध्ये सविस्तर टूलटिप हा सेटिंगमधला पर्याय आहे, ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये ऑल्टचं बटण दाबून धरलं की वस्तूचा तपशील उलगडतो. ज्याला नको त्याने पाहू नये. याहून गंभीर शंका अशी की नियम उघड केले तर सगळे एकच सर्वोत्तम बिल्ड वापरतील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. नियम झाकलेले असतात तेव्हाच लोक डोळे मिटून दुसऱ्याची बिल्ड उचलतात, कारण स्वतः विचार करण्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्या हाती नसते. आणि ही सामग्री कोणापर्यंत पोचते हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. चाचण्या, तक्ते, गुणकांच्या याद्या हे सगळं मुख्यतः इंग्रजी, कोरियन, चिनी भाषांत लिहिलं जातं. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोत किंवा गारखेड्यात खेळणाऱ्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला टूलटिपमधली इंग्रजी ओळ वाचता येते. तीस पानांची इंग्रजी चर्चा पालथी घालणं त्याला जड जातं. खेळाच्या आत लिहिलेलं सगळ्यांना सारखं मिळतं, खेळाच्या बाहेर लिहिलेलं भाषा, सवड आणि ओळखीप्रमाणे मिळतं. लपवलेला नियम म्हणूनच सर्वांना सारखा लपलेला नसतो.

आतापर्यंतचा विचार खेळाच्या मौजेपुरता होता. याच यंत्रणेला पैसा जोडला की प्रश्नाची जात बदलते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये नवं पात्र मिळवण्यासाठी सोडत काढावी लागते, पंचतारांकित पात्राची जाहीर शक्यता ०.६ टक्का, नव्वदाव्या सोडतीला हमी, आणि ती धरून एकूण १.६ टक्का. हे निर्मात्यांनी सांगितलेलं. साधारण चौऱ्याहत्तराव्या सोडतीपासून शक्यता झपाट्याने चढत जाते, हे खेळाडूंनी लाखो सोडतींच्या नोंदी जमवून शोधलं. मैदानातला प्रॉक आणि दुकानातली सोडत या दोन्हींमागे एकच तंत्र आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी फासा टाकायला पैसे पडतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५च्या जानेवारीत या खेळाच्या प्रकाशकांशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. शक्यता आणि खऱ्या खर्चाबद्दल दिशाभूल केल्याचा त्यात आरोप होता. दक्षिण कोरियातलं ‘मेपलस्टोरी’चं प्रकरण तर वाचून संताप यावा असं आहे. शस्त्राचे गुण बदलणारे क्यूब नेक्सॉन कंपनी पैशाने विकत होती. २०१०मध्ये लोकप्रिय गुणांची शक्यता गुपचूप कमी केली गेली, २०११मध्ये काही हव्याहव्याशा जोड्यांची शक्यता चक्क शून्य झाली, आणि खेळाडूंना काही बदललेलं नाही असं सांगण्यात आलं. लोक वर्षानुवर्षं शून्य शक्यतेवर पैसे लावत राहिले. तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने २०२४च्या जानेवारीत सुमारे ११६० कोटी वॉनचा दंड केला, आणि त्याच वर्षी २२ मार्चपासून शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. चीनने ते २०१७च्या मेपासूनच केलं होतं. आकडे जाहीर केले की प्रत्येक बदलावर गदारोळ होतो, अशी निर्मात्यांची तक्रार असते. ‘मेपलस्टोरी’मध्ये तो गदारोळ दहा वर्षं उशिरा झाला.

आपल्याकडे कायद्याने हा प्रश्न वेगळ्या दाराने पाहिला. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७च्या एप्रिलमध्ये निकाल दिला. यश लक्षणीय प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असेल तर ती स्पर्धा जुगार नव्हे, ही कसोटी त्या काळच्या निकालांतून पक्की झाली. १८८७च्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९६७मध्ये न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवणं, कोणतं पान धरायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवणं यांत कसब आहे. हा तर्क एका न बोललेल्या गृहीतकावर उभा आहे: जोडात किती पानं आहेत, किती रंग आहेत, हे सर्व खेळाडूंना ठाऊक असतं. जोडातून चार पानं कोणी गुपचूप काढली असतील तर स्मरणशक्ती कितीही तल्लख असो, रमीतलं कौशल्य त्याच क्षणी संपतं. छुपा गुणक म्हणजे नेमकी ही काढलेली पानं. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना मात्र उत्तेजन द्यायचं ठरवलं. त्या बंदीचे गुणदोष काहीही असोत, खेळाच्या आत दाखवलेली शक्यता खरी असावी का, हा प्रश्न तिने सोडवलेला नाही. ज्या खेळांना उत्तेजन मिळणार आहे त्यांच्यातच तो जिवंत आहे.

हा प्रश्न फक्त परदेशी कंपन्यांचा राहिलेला नाही, आणि मला त्यात आशा दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला अ‍ॅक्शन खेळ जगभर नेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४मध्ये ‘इंडस’ आणला. महाराष्ट्रात खेळ घडवणारी एक पिढी तयार होते आहे, आणि तिच्यावर जुन्या सवयींचं ओझं नाही. तिने पहिल्या दिवसापासून टूलटिपमध्ये गुणक लिहावा, आतलं कूलडाऊन किती सेकंदांचं ते लिहावं, फाशाला स्मरणशक्ती दिली असेल तर तसं सांगावं, आणि हे मराठीतही लिहावं. खर्च नगण्य आहे, कारण हे सगळे आकडे खेळाच्या आत आधीच लिहिलेले असतात. राज्यकर्त्यांच्या बाजूनेही मोठं काही उभारायची गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या रचनांची, डार्क पॅटर्नची, १३ प्रकारांची यादी जाहीर केली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप माल टाकणं, ठरल्यापेक्षा वेगळी वस्तू गळ्यात मारणं हे त्यात आहे. पैसे घेऊन दिलेल्या सोडतीत दाखवलेल्या शक्यतेपेक्षा वेगळी शक्यता वापरणं हा त्या यादीतला चौदावा प्रकार व्हायला हवा, आणि तो लिहिताना दुकानातली सोडत आणि विकत घेतलेल्या शस्त्राचा मैदानातला प्रॉक अशा दोन्ही जागा त्यात नाव घेऊन यायला हव्यात.